मन वळवायला उसंत द्या
(विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



जुन्नर-आंबेगावची आपली मुले कांद्याच्या शेतातून येतात आणि लगेच गणिताचे पुस्तक उघडतात. सुरुवातीला काही डोक्यात शिरत नाही. मग मूल म्हणते, "मी ढ आहे." मित्रहो, हा समज काढून टाका. अंगात थकवा असतोच. शिवाय काम बदलताना प्रत्येकाचाच मेंदू अडखळतो.

रॉजर्स आणि मॉन्सेल या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ साली प्रयोगांतून दाखवले, की पुढचे काम आधी ठाऊक असले आणि तयारीला थोडी उसंत मिळाली, तर हा अडखळा कमी होतो. पूर्ण मात्र जात नाही. त्या उसंतीत कपाळामागचा मेंदूचा भाग नव्या कामाचे नियम पुढे आणतो.

आपल्या लेण्याद्रीच्या विहारांत एके काळी भिक्खू राहत. चालताना, वळताना, जेवताना सजग राहा, ही सतिपट्ठानाची शिकवण. तीच आपण अभ्यासाला लावू. हातपाय धुवा, क्षणभर शांत बसा, कोणता धडा करायचा ते मनाशी ठरवा, मगच पुस्तक उघडा. आणि आई-वडिलांनो, मूल अभ्यासाला बसले की मध्येच कामाला हाक मारू नका.

नमो बुद्धाय! जयभीम!