लाल होणारा चेहरा

दारूचा एकच पेला पोटांत जातांच कांहीं माणसांचा चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडूं लागते, मळमळ सुटते. जपान, चीन व कोरिया या देशांत सुमारें तिसरा हिस्सा लोक असे आहेत. हा मनाचा दुबळेपणा नव्हे. मद्यार्काचें यकृतांत प्रथम ॲसिटाल्डिहाइड नांवाच्या विषांत व मग निरुपद्रवी आम्लांत रूपांतर होतें. ही दुसरी पायरी उरकणारें प्रथिन या लोकांत जन्मतःच दुर्बळ असतें. त्यामुळें विष रक्तांत सांचतें. १९४८ सालीं डेन्मार्कच्या हाल्ड व याकोबसेन यांनीं दारू सोडविण्यासाठीं जें औषध पुढें आणिलें, तें याच प्रथिनाला निकामी करतें!

हें वैगुण्य पूर्वेकडेच कां टिकलें? एक लोकप्रिय उपपत्ति अशी, कीं दूषित पाण्याच्या भयानें युरोपनें बिअर जवळ केली व पूर्वेनें उकळलेला चहा. म्हणून दारू पचविण्याची शक्ति युरोपांत राहिली. १८५४ च्या पटकींत लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरील बिअरच्या कारखान्यांतले सत्तरएक कामगार बचावले, हा दाखला त्यासाठीं देतात. मला तो लंगडा वाटतो. ते वाचले, कारण रस्त्यावरच्या पंपाचें पाणी ते पीत नसत. कारखान्याला स्वतःची विहीर होती. रक्तांतील ॲसिटाल्डिहाइड आंवेसारख्या रोगांच्या जंतूंना मारक ठरत असावें, असाही एक तर्क आहे. त्याहून भक्कम धागा भातशेतीचा. पहिली पायरी वेगानें उरकणारें, म्हणजे विष लवकर तयार करणारें जनुक दक्षिण चीनमध्यें ७ ते १० हजार वर्षांपूर्वीं पसरूं लागलें, असा संशोधकांचा अंदाज आहे. भाताची लागवड व भाताची दारू यांचा काळही तोच.

परंतु जन्मजात संरक्षण रूढीपुढें टिकतेंच असें नाहीं. हें वैगुण्य आईबाप दोघांकडून आलें, तर पिणें जवळजवळ अशक्य. एकाकडूनच आलें, तर सवय लागूं शकते. जपानांतील व्यसनी रुग्णांत असे एकेरी वारसदार १९७९ मध्यें शेंकडा २.५ होते, १९८६ मध्यें ८ व १९९२ मध्यें १३ झाले. तेरा वर्षांत जनुकें बदलत नाहींत. बदलली ती समाजाची रीत. कचेरी सुटल्यावर वरिष्ठानें स्वतः ओतलेला पेला नाकारणार कोण? अशा माणसानें नित्य दारू घेतली, तर अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका कैक पटींनीं वाढतो. लाली लपविण्यासाठीं आम्लपित्तावरची गोळी घेऊन बैठकीस बसणारेही आहेत. तिनें चेहरा उतरतो, रक्तांतलें विष मात्र राहतें.