शिकाले गेली का फिराले?



रेडिओवरच्या ताईंनी बोलायला बोलावलं तेव्हा मी विचारलं, कशावर बोलू? त्या म्हणाल्या, गटांकडून तुझ्यासाठी चिठ्ठ्या आल्या आहेत, त्यांचीच उत्तरं दे. चिठ्ठ्या वाचल्या. थंडी सोसली का, भाजी काय मिळते, अंघोळीला गरम पाणी असतं का, असे प्रश्न होते. पण चार चिठ्ठ्यांवर एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत होता. तोच प्रश्न माझ्या आईने मला तिकडे असताना फोनवर विचारला होता. "काऊन वं, शिकाले गेली का फिराले?"

झालं असं होतं, की मी एका चौकातला फोटो मोबाईलच्या स्टेटसला ठेवला. सोनेरी नक्षीच्या इमारती, पुढे आम्ही सहा जण, हातात बटाट्याच्या तळलेल्या कापांचा पुडा. तो फोटो आरमोरी तालुक्यातल्या आमच्या गावात घरोघरी पोचला. सरकारच्या पैशावर मजा चालली आहे, असं बोलणं झालं. ते मी सोडून दिलं असतं. पण आमच्याच गल्लीतल्या एका मुलीचा नागपूरच्या वसतिगृहाचा अर्ज त्या फोटोमुळे घरात अडला. "बाहेर पाठवलं का पोरी अशाच फिरतात," असं तिच्या घरचे म्हणाले. म्हणून त्या दोन दिवसांचं सगळं सांगते, पैशासकट.

मी नेदरलँड्समधल्या हेग शहरात शिकत होते. कुलभूषण जाधव यांचा खटला ज्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात चालला, ते याच गावात आहे. तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ सोशल स्टडीजमध्ये विकास विषयाचं शिक्षण होतं. फी आणि राहण्याचा खर्च राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीतून. सोमवार ते शुक्रवार वर्ग आणि वाचन. नोव्हेंबर 2022 मध्ये आम्ही सहा जणांनी ठरवलं, शनिवारी सकाळी बसने बेल्जियमची राजधानी ब्रुसेल्सला जायचं आणि रविवारी रात्री परत यायचं. बसचा प्रवास साधारण तीन तासांचा. गडचिरोलीहून सिरोंच्याला जायला लागतो त्याहून कमी वेळात माणूस दुसऱ्या देशात जातो. सीमेवर फाटक नाही, तरी पासपोर्ट आणि राहण्याचं कार्ड जवळ ठेवावं लागतं.

आम्ही चार मुली, दोन मुलं. मी, घानाची एक, कोलंबियाची एक, काँगोची एक. मुलांत एक नेपाळचा आणि एक इंडोनेशियाचा. प्रत्येकी 70 युरो काढले, म्हणजे तेव्हाच्या भावाने सहा हजार रुपयांच्या आत. पैसे कोणाकडे ठेवायचे यावर चर्चा सुरू झाली तेव्हा मी म्हटलं, माझ्याकडे द्या, माझी आई बचत गटाची सचिव आहे. सगळे हसले, पण पैसे माझ्याकडेच आले. वहीत दोन बाजू पाडल्या, जमा आणि खर्च. जाण्यायेण्याची बस माणशी 26 युरो, एका रात्रीचा मुक्काम 27, बाकी ट्राम, संग्रहालयाचं तिकीट आणि एक जेवण. विद्यार्थी कार्ड दाखवलं की बऱ्याच ठिकाणी सवलत मिळते. उरलेलं खाणं बरोबर नेलं होतं. माझ्या डब्यात पोळ्या आणि जवसाची चटणी. कोलंबियाच्या मुलीने ती चटणी नुसतीच खाल्ली आणि मग बराच वेळ पाणी पीत बसली.

मुक्कामाबद्दल चिठ्ठ्यांमध्ये सरळ विचारलं आहे, मुलं-मुली एकत्र होते का. नव्हते. तिकडे विद्यार्थ्यांसाठी स्वस्त वसतिगृहं असतात, खाटेवर खाट असते. आम्ही फक्त मुलींची खोली घेतली होती, सहा खाटांची. कपाटाला आपलं कुलूप लावायचं, म्हणून कुलूप घरून न्यायचं. कुठे उतरलो त्याचा पत्ता हेगमधल्या दोघींना आधीच देऊन ठेवला होता. जास्त त्रास झाला तो शौचालयांचा. बाहेर बहुतेक ठिकाणी पैसे देऊनच जावं लागतं, आणि खिशात नेमकं नाणं नसतं.

ब्रुसेल्समध्ये रस्त्यांची नावं दोन भाषांत लिहिलेली, फ्रेंच आणि डच. सिरोंच्याच्या बाजारात मराठी आणि तेलुगू कशी शेजारीशेजारी चालते, तसं. मोठा चौक पाहिला, तोच फोटोतला. जवळच एका कोपऱ्यावर हातभर उंचीचा एक ब्राँझचा पोरगा उघड्यावर लघवी करताना उभा केला आहे आणि जगभरातून लोक त्याला बघायला येतात. त्याच्यासाठी शिवलेले हजाराच्या वर पोशाख आहेत म्हणे. आपल्याकडची पोरं हे फुकट करतात. पण ते जाऊ द्या, मला सांगायचं आहे ते रविवारचं.

रविवारी काँगोची मैत्रीण म्हणाली, मला तेर्वुरेनला जायचं आहे, ज्यांना यायचं त्यांनी या. सगळेच निघालो. शहरातून 44 नंबरची ट्राम जाते. शेवटी शेवटी ती जंगलातून जाते. उंच सरळ झाडं, नोव्हेंबर असल्याने पानं पिवळी-तांबडी, खाली पानांचा थर. आपल्याकडे सागाची पानगळ उन्हाळ्याच्या तोंडाशी होते, तिकडे थंडीच्या तोंडाशी. ट्राम थांबते तिथून जवळच एक राजवाड्यासारखं संग्रहालय आहे. त्यात सगळं आफ्रिकेचं. मुखवटे, भाले, ढोल, पेंढा भरलेला हत्ती. आत शिरताना एका लांब बोगद्यात एक डोंगा ठेवला आहे, एकाच झाडाच्या खोडातून कोरलेला, साडेबावीस मीटर लांब. शंभर माणसं बसतील एवढा. वैनगंगेतले डोंगे पाहिलेली मी, त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले आणि पावलं मोजली. एवढं झाड कोणत्या जंगलात असेल? आणि ते इथे कसं आलं?

ते कसं आलं हे समजायला थोडा हिशेब सांगावा लागेल. आपला गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्हा एकत्र केला तर पंचवीस हजार चौरस किलोमीटरच्या वर जमीन होते. बेल्जियम हा अख्खा देश तीस हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्या दोन जिल्ह्यांहून थोडा मोठा. या देशाचा राजा होता दुसरा लिओपोल्ड. त्याने 1885 पासून 1908 पर्यंत आफ्रिकेतला काँगो स्वतःच्या नावावर ठेवला होता. देशाच्याही नव्हे, स्वतःच्या, सातबारा आपल्या नावावर असतो तसा. तो मुलूख महाराष्ट्राच्या सातपट. बहुतेक जंगल. आणि त्या जंगलात रबराच्या वेली.

त्याच काळात हवा भरायची चाकं निघाली आणि रबराला भाव आला. मग गावागावांवर कोटा बसला, अमुक दिवसांत अमुक इतकं रबर आणायचं. पुरुष जंगलात जाईपर्यंत आणि कोटा भरेपर्यंत बायकांना धरून कोंडून ठेवायचे. कोटा भरला नाही तर सैनिक गोळ्या घालत, आणि गोळी वाया घालवली नाही याचा पुरावा म्हणून मेलेल्याचा उजवा हात तोडून आणत. जिवंत माणसांचेही हात तोडले. मैत्रिणींनो, हे सांगताना मला बरं वाटत नाही, पण तेंदूच्या हंगामात पहाटे उठून जंगलात जाणाऱ्या बायकांना हे ऐकायचा हक्क आहे असं मला वाटतं.

ते उघडकीला कसं आलं, ते ऐका. जहाज कंपनीत एक तरुण कारकून होता, एडमंड मोरेल नावाचा. कामासाठी तो बेल्जियमच्या बंदरावर जायचा. काँगोहून येणारी जहाजं रबराने आणि हस्तिदंताने भरलेली असत. परत जाताना त्याच जहाजांत काय भरतात? तर बंदुका, काडतुसं आणि सैनिक. त्याने कागद तपासले. एवढा माल येतो, मग त्याच्या बदल्यात तिथल्या लोकांना जातं काय? कापड, मीठ, भांडी, काहीतरी जायला हवं. जवळजवळ काहीच जात नव्हतं. त्यावरून त्याने ओळखलं, की हा व्यापार नाही, ही लूट आहे आणि लोकांकडून जबरदस्तीने काम घेतलं जातं. काँगोत पाऊलही न ठेवता, नुसत्या वहीच्या दोन बाजू पाहून. पुढे त्याने नोकरी सोडली आणि याच कामाला लागला.

आणि एक बाई होती, ॲलिस हॅरिस. काँगोत राहणारी इंग्रज मिशनरी. 1904 मध्ये एक बाप तिच्या ओसरीवर आला आणि त्याने पानात गुंडाळलेलं काही उघडलं. त्याच्या पाच वर्षांच्या मुलीचा हात आणि पाय. तिने त्या बापाचा फोटो काढला. तो फोटो संग्रहालयात पाहण्याआधी मी पुस्तकात पाहिला होता. बाप ओसरीवर बसून समोर ठेवलेल्या त्या एवढ्याशा हातापायाकडे पाहतो आहे. हे फोटो पडद्यावर दाखवत इंग्लंड-अमेरिकेत सभा झाल्या, बोंबाबोंब झाली, आणि 1908 मध्ये राजाला काँगो सोडावा लागला. तोही सुटा झाला नाही, बेल्जियम सरकारकडे गेला. स्वातंत्र्य मिळालं 30 जून 1960 ला.

संग्रहालयाच्या एका भिंतीवर काँगोत मेलेल्या बेल्जियमच्या लोकांची नावं कोरली आहेत, दीड हजारांच्या वर. काँगोच्या मेलेल्यांची यादी कुठेच नाही. फक्त सात नावं आहेत, ती का ते सांगते. 1897 मध्ये राजाने इथेच प्रदर्शन भरवलं आणि त्यात दाखवायला काँगोतून 267 माणसं आणली. तळ्याकाठी झोपड्या बांधून त्यात त्यांना ठेवलं. कुंपणाबाहेरून लाखो लोक बघायला आले. थंडी-पावसाने त्यांतली सात जणं दगावली. काँगोच्या फ्रेडी त्सिम्बा नावाच्या कलाकाराने ती सात नावं त्या भिंतीसमोरच्या खिडकीच्या काचांवर लिहिली आहेत. ऊन पडलं की नावांची सावली त्या भिंतीवर पडते. आम्ही गेलो त्या दिवशी आभाळ होतं, सावली पडली नाही.

त्या सातांच्या कबरी गावच्या चर्चजवळ आहेत. आम्ही तिथे गेलो. दगडांवर नावं आहेत. आम्ही चुकत वाचत होतो, तेव्हा आमची मैत्रीण प्रत्येक दगडाजवळ थांबली आणि नाव नीट कसं उच्चारायचं ते तिने आम्हाला सांगितलं. आम्ही तिच्यामागे म्हटलं. सात नावं. ती रडली नाही. म्हणाली, आता भूक लागली.

शहरात मातोंगे नावाचा काँगोच्या लोकांचा मोहल्ला आहे. तिथे तिने आम्हाला पोंडू खाऊ घातलं. कसाव्याची, म्हणजे साबुदाणा ज्या कंदापासून होतो त्या झाडाची, पानं कुटून पामच्या तेलात शिजवलेली भाजी. दिसायला आपल्या तरोट्याच्या भाजीची बहीण. त्या मोहल्ल्याच्या तोंडाशी एका चौकाला पॅट्रिस लुमुंबांचं नाव आहे, काँगोचे पहिले पंतप्रधान. 1961 मध्ये त्यांना मारलं आणि प्रेतही ठेवलं नाही. त्यांचा एक दात बेल्जियमच्या पोलीस अधिकाऱ्याने जपून ठेवला होता. तो दात घरच्यांना परत मिळाला जून 2022 मध्ये, आम्ही जाण्याच्या पाचच महिने आधी.

परतीच्या बसमध्ये सगळे झोपले. मी हिशेब लिहीत होते आणि मोरेलच्या वहीचा विचार करत होते. आपल्या इथेही जंगल एका कायद्याने सरकारचं झालं होतं, 1878 च्या. पिढ्यान्‌पिढ्यांचा वापर एका रात्रीत सवलत होऊन बसला. काँगोसारखे हात कोणी तोडले नाहीत, तुलना ओढूनताणून करू नये. पण 2006 च्या वनहक्क कायद्याच्या प्रस्तावनेत सरकारने स्वतःच 'ऐतिहासिक अन्याय' असे शब्द लिहिले आहेत. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि 2011 मध्ये त्या गावाने आपला बांबू आपल्या वाहतूक परवान्यावर विकला. त्यानंतर कितीतरी ग्रामसभा तेंदू स्वतः विकायला लागल्या. तर आता वही आपल्याच गावात आहे. सत्तर पानांचा एक पुडा बांधणारी बाई पुड्याचा भाव बरोबर सांगते. तोच पत्ता कंत्राटदाराने गोणीमागे किती रुपयांना घेतला, रॉयल्टी किती आली, कोणाच्या खात्यात आली, हे विचारलं की बऱ्याच जणी नवऱ्याकडे बघतात. मी तरी आल्यापासून आमच्या ग्रामसभेत ती दुसरी बाजू वाचून दाखवायला सांगते. काही जणांना आवडत नाही.

तर शिकाले गेली का फिराले, याचं उत्तर आईला मी कसं दिलं? हिशेबाच्या पानाचा फोटो पाठवला. जमा 420 युरो, खर्च 396, शिल्लक 24, माणशी चार युरो परत. खाली सहा सह्या. आईने ते पान गटाच्या बैठकीत दाखवलं आणि गल्लीतल्या त्या मुलीच्या आईलाही दाखवलं. कबरींचं फोनवर सांगितलं तेव्हा ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, ते सात जण जेवले तरी असतील का तिथं? त्या मुलीचा अर्ज गेला, पण उशिरा. त्या वर्षी नंबर लागला नाही, पुढच्या वर्षी लागला.

आता ज्यांच्या मुली-मुलांना परदेशी शिकायचं आहे त्यांच्यासाठी. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, 75 जागांची, ती समाजकल्याण विभागाकडे. आदिवासी मुलांची आदिवासी विकास विभागाकडे. त्याची चौकशी प्रकल्प कार्यालयात करायची, ती गडचिरोली, अहेरी, भामरागड, चंद्रपूर आणि चिमूरला आहेत. इतर मागासवर्गीय आणि भटक्या-विमुक्तांसाठी वेगळी योजना आहे. जाहिरात दरवर्षी निघते, अटी त्यातूनच वाचाव्या. जातवैधता प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा, धावपळ तिथेच होते. पासपोर्ट बारावी झाली की काढून ठेवला तरी चालतो. विद्यापीठाचा प्रवेश आधी मिळवावा लागतो आणि त्याचे अर्ज वर्षभर आधी भरायचे असतात. इंग्रजीची परीक्षा असते, ती माझ्यासारख्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्या मुलीला सहा महिने रोज अभ्यास करून जमली.

आणि मुलगी गेली की तिला फोनवर विचारा, या शनिवारी कुठे गेली होतीस, काय पाहिलंस.