गाभडलेली गाय आणि प्रयोगशाळेचा पुरावा



गाय सहाव्या-सातव्या महिन्यात गाभडली, की कोणी म्हणते चारा बाधला, कोणी म्हणते पाय घसरला, कोणी नजरेवर जाते. गर्भ उकिरड्यावर जातो आणि पुरावाही त्याच्याबरोबरच जातो. गाभडण्याची कारणे पुष्कळ. त्यांतला ब्रुसेला नावाचा जंतू नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही. गाय पुढे धडधाकट दिसते, दूधही देते.

माल्टा बेटावर हेच घडले. तापाने मेलेल्या सैनिकांच्या प्लीहेतून डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ साली हा जंतू वाढविला. पण तो येतो कोठून, हे अठरा वर्षे कळेना. शेळ्या तर निरोगी! १९०५ साली झमिट यांनी त्या शेळ्यांचे रक्तच तपासले, तेव्हा उलगडा झाला. पुढे दुधातही जंतू सापडले. १९०६ साली सैनिकांचे शेळीचे दूध बंद झाले आणि त्यांच्यातला ताप ओसरला.

आज तपासणी सोपी आहे. रक्त गोठल्यावर सुटणाऱ्या पिवळसर पाण्याचा एक थेंब आणि गुलाबी रंगविलेल्या मृत जंतूंचा एक थेंब काचेवर कालवून चार मिनिटे हलवावयाचे. वाळूसारखे कण जमले, तर त्या शरीराने हा जंतू पाहिला आहे. पाहिला आहे, एवढेच! कारण कालवडीला चौथ्या ते आठव्या महिन्यात टोचलेल्या लशीनेही काही काळ असे कण जमू शकतात. नुसत्या या कणांवरून गाय विकून टाकणारे पाहिले, की वाईट वाटते.

खरा पुरावा म्हणजे जंतू वाढवून दाखविणे. तो मोठा सावकाश वाढतो. तीन-चार आठवडेही लागतात. गाईकडच्या जातीला बहुधा जादा कार्बन डाय-ऑक्साइड लागतो, शेळीकडच्या जातीला लागत नाही. हा भेद हौसेचा नव्हे: शेळीकडची जात माणसाला अधिक छळते. काम करणाऱ्यालाच ती जडण्याचे भय असते, म्हणून हे काम बंदिस्त कपाटात चालते.

आणि गोठ्यात? तेथे आपण उघड्या हातांनी वार ओढतो! हातमोजे घालावेत. गर्भ आणि वारेचा तुकडा घट्ट डब्यात, बर्फात ठेवून पशुवैद्यामार्फत पाठवावा. सोबत लस टोचल्याची तारीख लिहावी. उरलेले चुना टाकून खोल पुरावे, कुत्र्यांना पोचणार नाही इतके. उत्तर येईपर्यंत ती गाय वेगळी बांधावी आणि दूध उकळूनच वापरावे.