तुंबलेली नदी आणि धान्याचा भाव

ऑक्टोबर २०२२ मध्ये मिसिसिपीचे पाणी मेम्फिस येथे तोवरच्या नोंदींतील नीचांकास गेले आणि खालच्या पात्रात २,००० हून अधिक बार्जेस खोळंबल्या. एका बार्जमध्ये सुमारे १,५०० टन धान्य मावते. ऐन सुगीत नदीबंदरे तुंबली, बार्जभाडे विक्रमी चढले. ते भरले कोणी? निर्यातीचा भाव जागतिक बाजारात ठरतो. म्हणून वाढीव भाड्याचा मोठा भाग नदीकाठच्या गोदामांनी मका-सोयाबीनच्या खरेदीभावातूनच कापला. साठवणुकीची सोय असणारा थांबू शकत होता; कर्जाच्या हप्त्याला बांधलेल्या शेतकऱ्याला पडत्या भावात विकण्यावाचून गत्यंतर नव्हते. (लासलगावच्या कांदा-उत्पादकास हे समजावून सांगावे लागणार नाही!) कित्येक ठिकाणी गोदामे आणि बार्जेस एकाच बड्या धान्य-कंपनीच्या मालकीच्या आहेत. पात्रातील गाळ उपसण्याचे काम मात्र लष्कराच्या अभियंता-दलाकडे, म्हणजे सार्वजनिक तिजोरीतून चालते.