लिटरमागे एक किलोमीटर : जुन्या मिलिटरी ट्रकचं ॲव्हरेज

आज विषय आहे जुन्या मिलिटरी ट्रकचा, आणि तो पितो त्या डिझेलचा.

शक्तिमान ट्रक तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. एम.ए.एन. या जर्मन कंपनीच्या परवान्यावर १९५९ पासून आपल्याकडे जबलपूरला हे ट्रक बनू लागले. चारही चाकांना ताकद, चिखल असो की नाला, गाडी निघणारच. लष्करातून बाद झालेल्या अशा गाड्या लिलावात निघतात आणि जंगलपट्ट्यात लाकूड-रेती वाहतात. अडचण एकच, ॲव्हरेज.

आधी एक हिशोब करू. तुमची बाइक लिटरला ५० ऐवजी ५१ किलोमीटर द्यायला लागली, तर १०० किलोमीटरला वाचेल साधारण ४० मिलिलिटर. अर्धा कपसुद्धा नाही! पण ट्रक ३ वरून ४ वर गेला, तर त्याच १०० किलोमीटरला आठ लिटरपेक्षा जास्त वाचतं. रोज १०० किलोमीटर, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे २०० लिटर. भाव ९० रुपये धरा, झाले १८ हजार. एकट्या गाडीवर घर चालवणाऱ्या माणसासाठी हा हप्ता आहे भाऊ.

आता सूरजागडचा रस्ता डोळ्यासमोर आणा. गडचिरोलीचा एटापल्ली तालुका, लोहखनिजाचा डोंगर, चढ-उतार, उन्हाळ्यात लाल धूळ, पावसाळ्यात चिखल. अशा रस्त्यावर जुन्या गाडीचं काय बघायचं?

पहिलं, मोजा. टाकी गळ्यापर्यंत भरा, किलोमीटर लिहा, दोन-तीनशे किलोमीटर चालवा, पुन्हा तेवढीच भरा. मीटर बंद असेल तर आधी तो दुरुस्त करा. मोजलंच नाही, तर मिस्त्रीला दिलेले पैसे वसूल झाले की नाही, कळणार कसं?

दुसरं, हवा. इंजिनला श्वास लागतो. जुन्या ट्रकमध्ये बऱ्याचदा तेलाचा एअर फिल्टर असतो. धुळीच्या रस्त्यावर त्याचं तेल लवकर चिखल होतं. ते बदला, पण खुणेच्या वर भरू नका. टायरचंही तसंच. चिखलात कमी केलेली हवा डांबरी रस्त्यावर आल्यावर पुन्हा भरायची. पुढच्या चाकांची ताकद वेगळ्या लिव्हरने लागत असेल, तर चांगल्या रस्त्यावर ती काढून ठेवा.

तिसरं, धूर वाचायला शिका. काळा धूर म्हणजे डिझेल पूर्ण जळत नाही. एअर फिल्टर, नोझल आणि पंप तपासा. पंपाचा स्क्रू अंदाजाने फिरवू नका, कॅलिब्रेशन मशीनवरच करून घ्या. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. गरम इंजिनमधूनही पांढरा धूर येत राहिला, तर टायमिंग किंवा नोझलकडे बघा.

चौथं, थर्मोस्टॅट. गाडी तापते म्हणून कितीतरी जण तो काढूनच टाकतात. मग इंजिन थंडच चालतं आणि डिझेल जास्त खातं. तापण्याचं खरं कारण रेडिएटरमध्ये शोधा. आणि फेरी संपल्यावर चाकाच्या ड्रमजवळ हात नेऊन बघा, लावू नका, भाजेल. एकच चाक जास्त तापत असेल, तर तिथे ब्रेक धरून राहतोय. तुम्ही ब्रेक दाबून ट्रक ओढताय!

आता सगळ्यात महत्त्वाचं. उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकू नका. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की पंपाचा गव्हर्नर डिझेल तोडतो, इंजिन चाकांच्या जोरावर फिरतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतंच. म्हणजे बचत नाहीच, वर सगळा भार ब्रेकवर. ते तापले की लागेनासे होतात. भरलेला ट्रक, खाली वळण, आणि वळणावर शाळेतून येणारी पोरं. ज्या गिअरमध्ये चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा.

जुना ट्रक नव्यासारखं ॲव्हरेज देणार नाही. पण गेलेला एक किलोमीटर परत मिळू शकतो, तोही नवा पार्ट न घेता.

तुमच्या घरी, गावात कुणी ट्रक चालवत असेल, तर हा भाग त्यांना नक्की ऐकवा. भेटू पुढच्या भागात. गाडी सावकाश चालवा!