आठवी 'क'



तुमच्या हायस्कूलच्या गॅदरिंगला प्रमुख पाहुणी म्हणून बोलावणं आलं तेव्हा मला नवल वाटलं. या खुर्चीवर तहसीलदार बसतात, फौजदार बसतात, नाहीतर याच शाळेत शिकून पुण्या-मुंबईला मोठा झालेला एखादा साहेब बसतो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतली बाई. पण या हायस्कूलशी माझा व्यवहार जुना आहे. दरवर्षी जूनमध्ये माझी सातवी पास झालेली पोरं दाखला घेऊन तुमच्या फाटकातून आत येतात. मी पाठवते, तुम्ही घेता. तेव्हा आज पाठवणाऱ्याच्या बाजूने थोडं बोलते. बोलायचंय ते नववी-दहावीच्या मुलांशी. शिक्षकांनी मधूनमधून ऐकलं तरी चालेल.

सातवीतलं मूल म्हणजे आमच्या शाळेचा कारभारीच. परिपाठाला पुढे तेच, घंटा तेच देतं, पहिलीतल्या पोराच्या चड्डीची नाडी तेच बांधतं, खिचडी शिजली का ते बघून येतं. आम्ही दोघं-तिघं मिळून सगळे विषय शिकवतो आणि कुणाच्या आजीचे गुडघे दुखतात हेही आम्हाला ठाऊक असतं. जूनमध्ये हेच मूल तुमच्याकडे आलं की दर पस्तीस-चाळीस मिनिटांनी समोरचा माणूस बदलतो. गणिताच्या सरांना नाव माहीत नसतं, म्हणून ते म्हणतात, "ए, मागचा, पांढरा शर्ट." वर्गात सगळ्यांचेच शर्ट पांढरे. पाच-सहा पोरं उभी राहतात, वर्ग हसतो, आणि आमचा कारभारी ठरवून टाकतो की इथे मान वर करायची नाही.

तुम्ही म्हणाल, रुळेल हळूहळू. रुळतात बरीचशी. पण सगळा भार आपण त्या नव्या पोरावर टाकतो. त्यानेच बदलायचं, त्यानेच शिकून घ्यायचं, आणि आपण जिथे बसलोय तिथून हलायचं नाही. पाचवीपासून इथे असलेल्यांचे बाक ठरलेले, जोड्या ठरलेल्या. बऱ्याच हायस्कुलांत तर बाहेरून आलेल्या सगळ्यांची एक वेगळी तुकडी करतात आणि तिला शेवटचं अक्षर देतात. आठवी 'क'. तुमच्याकडे काय पद्धत आहे हे मी मुद्दाम विचारलेलं नाही. स्टेजवर बसून नको ते उत्तर ऐकावं लागलं असतं. पण मुख्याध्यापक सर, वेगवेगळ्या गावची अनोळखी पोरं एका खोलीत भरली तर त्यांना ही शाळा दाखवणार कोण? ती 'अ' आणि 'ब'मध्ये मिसळली तर जुन्या पोरांनाही चार नवे मित्र मिळतील.

आता मुलींचं. आमची एक पोरगी इथे आठवीत आली. संध्याकाळी घरी गेली की दप्तर टाकायच्या आधी तांब्याभर पाणी घटाघटा प्यायची. आईला वाटलं शाळेत पाण्याची सोय नाही, म्हणून ती माझ्याकडे तक्रार घेऊन आली. पाण्याची सोय होती. पण पाणी प्यायलं की स्वच्छतागृहात जावं लागतं, आणि तिथे दारातच दहावीच्या मुलींचा घोळका उभा असायचा. काही वाईट बोलत नव्हत्या त्या, नुसत्या बघायच्या. तेरा वर्षांच्या मुलीला तेवढं पुरतं. ती सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाण्याचा घोट घ्यायची नाही. शिक्षकांनी सूचना फळ्यावर लिहून हे सुटत नाही. त्या घोळक्यातली एक ताई तिच्या खांद्यावर हात ठेवून "चल, मी उभी राहते बाहेर" म्हणाली असती, तर पहिल्या आठवड्यातच सुटलं असतं.

मधल्या सुट्टीतही एक गंमत आहे. पोषण आहार आठवीपर्यंत. म्हणजे आठवी ताटल्या घेऊन रांगेत, आणि नववी-दहावी डबे घेऊन झाडाखाली. ज्या एका वेळेला नव्या पोराला मोठं कुणी भेटलं असतं, त्याच वेळेला दोघं दोन टोकांना. कुठे कुठे 'खिचडीवाले' म्हणून चिडवतात असंही कानावर येतं. अरे, परवा-परवापर्यंत तुम्हीही त्याच रांगेत होतात की!

आणि बोलीवरून हसणं. "व्हतं", "न्हाई", "म्या" असं बोलणारं पोर उत्तर द्यायला उठलं की हशा पिकतो. त्याचं उत्तर बरोबर होतं का, हे कुणी ऐकतच नाही. सेमी इंग्रजीच्या वर्गात तर आणखी पंचाईत. सातवीपर्यंत ज्याला पूर्णांक येत होते, त्याला इंटिजर म्हटलं की घाम फुटतो. गणित त्याला येतं, फक्त नव्या नावाने ते त्याला ओळखू येत नाही. नववीतल्या कुणी आपली आठवीची वही त्याला दिली आणि समासात मराठी शब्द लिहून दिले, तर महिन्याभरात त्याची गाडी रुळावर येईल. वह्या तुम्ही रद्दीत घालता, मला माहीत आहे.

पैशाचंही एक सांगते, पालकांनीही ऐका. आठवीत एनएमएमएस या शिष्यवृत्तीची परीक्षा असते. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये, चार वर्षांचे 48,000. शेतमजुराच्या घरात ही रक्कम लहान नाही. तिला उत्पन्नाचा दाखला लागतो, सातवीचे गुण लागतात. जुन्या पोरांना हे ठाऊक असतं, कारण त्यांच्या ताया-दादांनी ती परीक्षा दिलेली असते. नव्या पोराला नोटीस समजेपर्यंत मुदत संपून जाते. मागच्या वर्षी परीक्षा दिलेल्यांनी जूनमध्येच आठवीच्या वर्गावर जाऊन दहा मिनिटं सांगावं. सरांपेक्षा तुमचं जास्त ऐकतील.

नव्या पोराला असा हात देणं आपल्या सातारा जिल्ह्याला तर काही नवं नाही. भाऊराव पाटलांनी 1919 साली काले इथे रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. खेड्यातलं पोर शहरात आलं की आधी त्याला झोपायला जागा आणि खायला भाकरी हवी, पुस्तक त्यानंतर, हे त्यांना पक्कं कळलं होतं. सगळ्या जातींची मुलं तिथे एका पंगतीत जेवली. पोरांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही मोडलं. तुमच्याकडे मी फक्त एक जुनी वही मागतेय.

दुसरंही एक मागते, आणि ते शिक्षकांकडे. गॅदरिंगच्या तालमी शाळा सुटल्यावर होतात. शाळा सुटते पाचला आणि वाड्या-वस्त्यांकडे जाणारी शेवटची एसटी असते सहाच्या आत. तालमीला थांबलं तर रात्री सात-आठ किलोमीटर चालत जायचं. मग आपण म्हणतो, नवी पोरं लाजाळू आहेत, भागच घेत नाहीत. पुढच्या वर्षी तालमी ऑफ तासाला घ्या, मग बघू किती लाजतात. आणि जूनमध्ये शाळेच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक गावच्या नववीतल्या एका मुलाने आणि एका मुलीने आपल्या गावच्या नव्या पोरांना एसटी स्टँडपासून वर्गाच्या दारापर्यंत सोबत आणावं. पासाचा अर्ज, बोनाफाईडचा शिक्का, ग्रंथालयाची खिडकी, सगळं त्या वाटेवरच दाखवून होईल. नावं आजच लिहून घ्या, मेमध्ये कुणी सापडत नाही.

आता माईक सोडते. हातात कार्यक्रमपत्रिका आहे. आठवी 'क'चं गजीनृत्य अकराव्या क्रमांकावर दिसतंय. ते म्हणे त्यांनी मधल्या सुट्टीत बसवलंय. आत्ता साडेचार झालेत. माझ्यानंतर बक्षीस वितरण आहे, मग दहा नाच, मग ही पोरं. सूत्रसंचालन करणाऱ्या बाळा, बक्षिसं मागाहून वाटू, मला घाई नाही. गजीवाल्यांना आधी बोलाव, त्यांना गाडी गाठायचीय.