दगड वाचतो, जागा जाते
(वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



लातूरच्या पापविनाशक मंदिरात बाराव्या शतकातला एक शिलालेख आहे. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराच्या काळातला. त्या वेळी या नगरीत पाचशे विद्वान राहत होते, असे तो सांगतो. ‘लातूर पॅटर्न’ नऊशे वर्षे जुना आहे, असा फलक उद्या एखाद्या क्लासवाल्याने लावला तर मी तक्रार करणार नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. राष्ट्रकूट राजे स्वतःला लट्टलूरचे स्वामी म्हणवून घेत. तरी त्या लट्टलूरचा आजच्या लातूरशी संबंध जोडताना अभ्यासकांना हातात काहीतरी ठोस लागते, आणि ते म्हणजे असे दगड. हाच दगड कुणी भक्तिभावाने उचलून दुसऱ्या गावच्या देवळात नेऊन बसवला असता, तर त्यावरचे एकही अक्षर पुसले गेले नसते, पण लातूरचा पुरावा मात्र लातूरहून गेला असता.

आज एवढेच सांगायला उभा आहे. पुरातन वस्तू आणि तिची जागा या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. आपण वस्तू वाचवायला शिकलो. जागा वाचवायला अजून शिकलेलो नाही. पोलीस यायच्या आत घरच्यांनी चोरीची खोली झाडून-पुसून लख्ख केली, तर तपास कशावरून करायचा? आपल्या गावोगावच्या जुन्या जागा आपण अशाच झाडून-पुसून ठेवतो आहोत, आणि तेही चांगल्या हेतूने.

वारसा धोक्यात आहे म्हटले की मूर्तिचोर आठवतो. तो आहेच. १९७२च्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षांपेक्षा जुनी मूर्ती खाजगीरीत्या देशाबाहेर पाठवायला बंदी आहे, तरी वाटा निघतात. पण नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांपुरते बोलायचे तर चोर हा मला दुय्यम वाटतो. आपला मोठा धोका मंदिराच्या जीर्णोद्धार समितीत बसतो, रस्त्याच्या कंत्राटात असतो, घराच्या पायाभरणीत असतो. त्यातला कुणीही वाईट माणूस नसतो. अडचण तीच आहे.

देगलूर तालुक्यातले होट्टल घ्या. चालुक्यकालीन मंदिरांचे गाव. सिद्धेश्वराच्या बाह्य भिंतींवरच्या सुरसुंदरी पाहायला आता दुरून लोक येतात, गावात महोत्सव भरतो. पण एक काळ असा होता की यातला बराचसा भाग ढासळलेला होता. शासनाच्या पुरातत्त्व खात्याने तिथे जतनाचे काम केले. मग २०२५ मध्ये मंदिरांभोवतीचा मलबा हटवताना आणखी एका शिवमंदिराचा पाया आणि सन १०७०च्या आसपासचे तीन शिलालेख मिळाले. मंदिरबांधणीला दान देणाऱ्यांची नोंद त्यांत आहे. वर्गणीदारांची यादीच म्हणा! आपली देवळेही अशाच याद्या भिंतीवर लावतात, फक्त आपल्याकडे संगमरवरी फरशी असते आणि आमदारांचे नाव वर असते.

विचार करा, तो मलबा जाणत्या माणसांच्या देखरेखीखाली हटला नसता, आणि ट्रॅक्टरने एका दिवसात उचलून ओढ्यात टाकला असता तर? परिसर स्वच्छ झाला असता, गावाने टाळ्या वाजवल्या असत्या, कदाचित स्वच्छतेचे बक्षीसही मिळाले असते. पाया आणि लेख दोन्ही ओढ्यात. कुणाला कळलेही नसते की काही गेले. गेल्याचे कळतच नाही, म्हणून या नुकसानीची बोंब होत नाही.

जाता जाता एक. काळ्या दगडाचे देऊळ दिसले की आपण ‘हेमाडपंती’ म्हणून मोकळे होतो. हेमाद्री पंडित तेराव्या शतकातला, यादवांच्या दरबारातला. होट्टलचे दानलेख त्याच्या दोनशे वर्षे आधीचे आहेत. निलंग्याचे नीलकंठेश्वर, मुखेडचे दशरथेश्वर, होट्टलचे सिद्धेश्वर या सगळ्यांना एकाच नावाच्या गोणीत भरले की मग एखादे पाडून नवे बांधताना ‘असली पुष्कळ आहेत’ असे म्हणता येते.

आता देवळाच्या आतली गोष्ट. जुने मंदिर बहुतेक वेळा चुना-सिमेंटाशिवाय, दगडावर दगड बसवून उभे केलेले असते. सांध्यांतून पाणी शिरते तसे निघूनही जाते. आपण गळती थांबवायला सांधे सिमेंटने भरतो. पाणी आत अडकते, क्षार बाहेर येतात, पुढे दगडाचे पापुद्रे सुटतात. वर शिखरावर सिमेंट-विटांचा नवा बोजा चढवतो, तो पेलायला खालचे खांब घडवलेलेच नसतात. मूर्तीला ऑइल पेंट देतो. काही वर्षांनी तो विटला की काढण्यासाठी आम्ल लावतो किंवा वाळूचा मारा करतो, आणि शिल्पकाराच्या छिन्नीचे अखेरचे ठसे त्या वाळूबरोबर उडून जातात. शेंदराबद्दल मी काही बोलत नाही. तो श्रद्धेचा भाग आहे आणि शेकडो वर्षे चालत आला आहे. पण ऑइल पेंट कुठल्याही पोथीत नाही. त्याचा आग्रह रंगाच्या दुकानातून येतो.

खरोसा लेण्यांचे दुखणे आणखी वेगळे. औसा तालुक्यातली ही लेणी साधारण सहाव्या शतकातली. वेरूळचा घट्ट काळा दगड इथे नाही, जांभ्यासारख्या ठिसूळ खडकात ती कोरलेली आहेत. तिथे नखाने ओरखडा काढला तरी खूण राहते. आणि आपले तरुण तिथे नखाने नव्हे, खिळ्याने लिहितात. त्यांची प्रेमे टिकोत, पण दुसरीकडे.

मित्रहो, आता ज्या गोष्टीबद्दल बोलायला मी खरोखर उत्सुक आहे तिकडे येतो. ती म्हणजे पांढरी. आपल्या गावाची जमीन दोन प्रकारची, शेतीची काळी आणि वस्तीची पांढरी, हे आपल्याला कुणी सांगायला नको. माणूस एका जागी शेकडो वर्षे राहिला, चूल पेटवली, राख टाकली, घर पडले, त्याच ढिगावर पुन्हा घर बांधले, म्हणजे ती माती राखट, भुसभुशीत, पांढुरकी होते आणि जागा उंचावते. पुरातत्त्वज्ञ ज्याला पांढरीचे टेकाड म्हणतात ते हेच. तिच्या थरांत खाली जावे तसा काळ मागे जातो. यादवांच्या थराखाली चालुक्य, त्याखाली सातवाहन. बांगडीचा तुकडा, मणी, जळके धान्य, नाणे, खापर. एकेक गोष्ट क्षुल्लक, पण कोणत्या थरात आणि कशाच्या शेजारी मिळाली यावर तिची किंमत.

शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातले तेर हे याचे आपल्या जवळचे उदाहरण. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात ज्याचा तगर म्हणून उल्लेख आहे, ते हे गाव. तिथली हस्तिदंती बाहुली इटलीतल्या पाँपेईत मिळालेल्या हस्तिदंती मूर्तीच्या जातकुळीतली आहे. तेरमध्ये रामलिंगप्पा लामतुरे यांनी लोक मातीत सापडलेल्या म्हणून फेकून देत त्या वस्तू आयुष्यभर गोळा केल्या, आणि त्यातून आजचे शासकीय संग्रहालय उभे राहिले. त्यांच्या ऋणातून आपण कधी मुक्त होणार नाही. पण त्या वस्तूंपैकी कितीतरी कोणत्या टेकाडाच्या कोणत्या थरातल्या, हे आज सांगता येत नाही, कारण त्या शास्त्रीय उत्खननातून आलेल्याच नव्हत्या. लामतुरे नसते तर वस्तूही राहिल्या नसत्या. उत्खनन आधी झाले असते तर वस्तूंबरोबर त्यांचा काळही हाती लागला असता.

आपण मात्र पांढरी पिढ्यानपिढ्या पोखरत आलो. माळवदावर घालायला पांढरी माती, भिंतीला पांढरी माती, शेतात खत म्हणूनही तीच. पाटीने आणि बैलगाडीने नेत होतो तोवर टेकाड वर्षाला हातभर झिजे. जेसीबी आणि हायवा आल्यापासून एका रात्रीत गढीची गढी सपाट होते. मुरूम-मातीची परवानगी देताना गौण खनिजाचा कागद ब्रास मोजतो. खाली खापर आहे की नाही हे त्या कागदात विचारलेले नसते, आणि ते विचारणे तलाठ्याच्या कामाचा भाग आहे असे त्याला कुणी सांगितलेलेही नसते.

याच पांढरीने एकदा आपला जीव घेतला. ३० सप्टेंबर १९९३चा भूकंप, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. दगडमातीच्या रुंद भिंती आणि माळवदावरची हातभर माती झोपलेल्या माणसांवर आली. किल्लारी, सास्तूर ही नावे उच्चारताना आजही आवाज बदलतो. सुमारे दहा हजार माणसे गेली. ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. त्या धामधुमीत कुणी जुन्या वाड्याचा किंवा वीरगळाचा विचार करावा, अशी अपेक्षा ठेवणे निर्दयपणाचे ठरेल. पंचनाम्याच्या कागदावर वीरगळाला रकाना नसतो, आणि तेव्हा नसावाच. पण भूकंपाच्या आधी, शांततेच्या काळात, गावागावातल्या जुन्या वास्तूंची फोटोसह यादी झालेली असती, तर नंतर नुसत्या कागदावर तरी गावे राहिली असती. यादी करायची वेळ संकटानंतर नसते. आज आहे.

विकासाच्या विरोधात मी नाही. नांदेडच्या माणसाने विष्णुपुरीच्या पाण्याविरुद्ध बोलावे आणि लातूरच्या माणसाने रस्त्याविरुद्ध बोलावे, तर श्रोते उठून जातील. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले ते हे लातूर शहर. पण रस्ता आणि धरण करूनही वारसा सांभाळता येतो, याची उदाहरणे आपल्याच गोदावरी-कृष्णेच्या मुलखात आहेत. नागार्जुनसागर धरण होणार म्हणून १९५४ ते १९६० या काळात नागार्जुनकोंड्याचे खोरे खणून काढले, नोंदवले, आणि महत्त्वाचे अवशेष उंचावर हलवले. श्रीशैलमच्या पाण्यात जाणारे कुडवेल्लीचे संगमेश्वर मंदिर दगडांना क्रमांक देऊन आलमपूरला पुन्हा उभारले. धरण थांबले नाही. आधी मोजणी झाली, मग पाणी आले. आता शक्तिपीठ महामार्गाची आखणी आपल्या दोन्ही जिल्ह्यांतून दाखवली जाते. तो व्हावा की न व्हावा हा वाद शेतकऱ्यांचा आणि सरकारचा आहे, आणि तो मोठा आहे. व्हायचाच असेल तर मार्गातली टेकाडे, बारवा, वीरगळ आधी कुणी मोजले का, एवढा प्रश्न तरी आपण विचारला पाहिजे.

बारवांचे सांगतो. दुष्काळाने त्यांचे भले केले. पाणी दिसेना तेव्हा लोकांनी बुजलेल्या बारवा उपसल्या, आणि पायऱ्या, कोनाडे, देवळ्या बाहेर आल्या. ही चळवळ मला मनापासून आवडते. फक्त वरचा कचरा काढल्यावर हात आवरायचा. तळाच्या गाळात मूर्ती, भांडी, कधी लेखाचे दगड असतात. यंत्राच्या बकेटाला त्यातले काही दिसत नाही. तिथे टोपले आणि चाळणीच हवी.

गुप्तधनाबद्दल मी थोडक्यात बोलेन, कारण त्या मंडळींना प्रसिद्धी नकोच. नंदीखाली, समाधीखाली, किल्ल्याच्या बुरुजात अमावास्येला खड्डे पडतात. हंडे मिळत नाहीत, वास्तू कोसळते. गुप्तधनाच्या नावाने होणाऱ्या अघोरी कृत्यांना २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरवले आहे, आणि खरोखर काही सापडले तर त्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे. कंधारचा किल्ला, माहूरचा किल्ला, उदगीरचा किल्ला, तिन्ही ठिकाणी सोन्याच्या दंतकथा आहेत. कंधारमध्ये खरे नवल उघड्यावर पडलेले आहे: राष्ट्रकूटकालीन एका अवाढव्य मूर्तीचे तुकडे, पावले आणि अवयव. तिसऱ्या कृष्णाच्या काळातला तिथला शिलालेख अभ्यासकांनी वाचून प्रसिद्ध केला. ते एक मोठे नगर होते हे त्या तुकड्यांवरून कळते, आणि त्याला हंडा लागत नाही.

कायद्याची बाजू अशी. केंद्राने संरक्षित केलेल्या स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि पुढच्या २०० मीटरवर नियंत्रण, हे २०१०च्या दुरुस्तीने कायद्यातच आले. राज्याचा स्वतःचा कायदा १९६०चा. पण संरक्षण मिळते ते यादीतल्या वास्तूला. मारुतीच्या पारावरचा वीरगळ, शाळेमागची सतीशिळा, ओढ्याकाठचे अर्धे देऊळ यांना यादी नाही, पहारेकरी नाही. गावकऱ्याला यादीचे भयही वाटते. स्मारक झाले की घराची एक वीट हलवता येणार नाही, म्हणून सापडलेली गोष्ट तो गपचूप बुजवतो. हे भय अज्ञानातून आलेले नाही, अनुभवातून आलेले आहे. खात्याने ते समजून घेतले पाहिजे. शंभर मीटरचा नियम जुन्या गावठाणातल्या दाट वस्तीलाही तसाच लावायचा, तर लोक वारशाला शत्रूच मानणार.

मग करायचे काय, असे आपण विचाराल. मी मोठी योजना सांगणार नाही. १९६८ साली नांदेडच्या यशवंत महाविद्यालयाने श्रीनिवास रित्ती आणि ग. च. शेळके यांचे नांदेड जिल्ह्यातल्या शिलालेखांचे पुस्तक काढले. एका जिल्ह्याच्या गावातले महाविद्यालय, आणि होट्टल, तडखेल, करडखेडसारख्या गावांतले लेख ठसे घेऊन वाचून छापलेले. त्यातले कितीतरी जुन्या कन्नडात आहेत. आज आपल्याला परकी वाटणारी ती भाषा तेव्हा देगलूरच्या देवळांत दानाच्या नोंदींची भाषा होती. दगड उद्या गेला तरी त्या पुस्तकामुळे मजकूर आणि जागा दोन्ही राहतील.

आपल्या दोन्ही जिल्ह्यांत महाविद्यालये आता पुष्कळ आहेत, इतिहासाचे विद्यार्थी आहेत, आणि प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. माझी विनंती इतकीच आहे, की या उन्हाळी सुटीत चार-पाच जणांच्या टोळ्या करा आणि ते पुस्तक हातात घेऊन त्या गावांना जा. कोणता लेख अजून जागेवर आहे, कोणता हलला, कोणत्यावर रंग चढला, कोणता सापडतच नाही, एवढे लिहा. अक्षरे उठून दिसावीत म्हणून त्यांत खडू किंवा रंग भरू नका, पाणी ओतून घासूही नका. सकाळच्या तिरप्या उन्हात फोटो घ्या, शेजारी पट्टी ठेवा, गाव आणि जागा लिहा. एक प्रत ग्रामपंचायतीला द्या, एक नांदेडच्या पुरातत्त्व कार्यालयात. लातूर जिल्ह्यासाठी अशीच यादी पापविनाशकापासून सुरू करता येईल. जीर्णोद्धाराचे कंत्राट बहुधा यात्रेच्या आधी दिले जाते, तेव्हा ज्या गावची यात्रा जवळ आली आहे तिथे आधी जा.